चार बाजू, सहा सुया

गोधडी एकटीलाही शिवता येते. पण ती चौघींनी चार बाजूंना बसून शिवायची वस्तू आहे, हे तिच्या आकारावरूनच कळतं. लुगडं अंथरायला दोघी लागतात, सुरकुत्या काढायला चौघी, आणि ‘झालं का गं तुझ्या बाजूचं?’ असं विचारायला निदान एक तरी शेजारीण लागतेच.

आम्ही सहाजणी आहोत. गेली काही वर्षं दर बुधवारी दुपारी दोन ते पाच आम्ही पुण्यात एकीच्या दिवाणखान्यात जमतो. खुर्च्या भिंतीला लावायच्या, सतरंजी घालायची आणि बसायचं. ज्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे, त्या दोघींना बुटकी स्टुलं. एक निवृत्त शिक्षिका, एक परिचारिका, एक शिवणवर्ग चालवलेली, दोघी ‘आम्ही काय, घरीच’ असं सांगणार्‍या (म्हणजे सर्वांत जास्त काम केलेल्या), आणि तेहेतीस वर्षं बँकेत आकडे जुळवून आता कादंबर्‍या लिहिणारी मी.

गोधडीचं तंत्र तसं साधं. नऊवारी लुगडं म्हणजे सुमारे आठ मीटर कापड. त्याचे चार सारखे तुकडे करायचे, दोन-दोन तुकडे शेजारी ठेवून दंड घालायचा, की मोठ्या माणसाच्या गोधडीचे दोन थर तयार. मध्ये जुनी धोतरं, चादरी, विरलेल्या साड्या. फाटक्या जागी ठिगळ. मग लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर धरून ठेवायचे आणि काठापासून धावदोरा घालत घालत मध्याकडे सरकायचं. नवं कापड इथे उपयोगाचं नाही. शंभर वेळा धुतलेल्या सुताला जो मऊपणा येतो, तो दुकानात मिळत नाही. म्हणून तर तान्ह्या बाळाचं दुपटं आजीच्या लुगड्याचं करायचं.

बँकेची सवय जात नाही, म्हणून मी एकदा हिशेब मांडला. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद गोधडी. दोन ओळींत दोन सेंटिमीटरचं अंतर धरलं, तर एकूण शिवण दोनशे मीटर होते. सेंटिमीटरला एक टाका म्हटलं, तरी वीस हजार टाके! मी हा आकडा मोठ्या थाटात जाहीर केला. शिवणवर्गवाल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “बरं झालं, आधी सांगितलं नाहीस.”

तुम्ही म्हणाल, वीस हजार टाके घालण्यात आनंद कसला? आनंद आहे तो त्या खाली घातलेल्या मानेत. चहाच्या टेबलाशी समोरासमोर बसलं की माणसं एकमेकांच्या चेहर्‍याकडे बघत बोलतात आणि चेहरा बघून शब्द मागे घेतात. गोधडीवर सगळ्यांची नजर सुईच्या टोकाशी असते. आपल्याकडे कोणी बघत नाही म्हटल्यावर आतलं बाहेर येतं. मुलगा आता परदेशातून परत येणार नाही, हे आमच्यातल्या एकीने असंच, दोरा ओवता ओवता सांगितलं. कोणी ‘अरेरे’ म्हटलं नाही. शेजारणीने आपली ओळ पुरी केली आणि कात्री तिच्याकडे सरकवली, एवढंच. बँकेत ज्यांच्या टेबलाला टेबल लावून मी वर्षानुवर्षं बसले, त्यांच्या घरची एवढी हकिकत मला कधी कळली नव्हती.

2020 साली टाळेबंदी आली, तेव्हा आम्ही युक्ती काढली. प्रत्येकीने घरच्याच कापडाचा एकेक चौकोन शिवायचा आणि मग ते जोडायचे. वेळ हवा तेवढा होता. जेव्हा पुन्हा भेटलो, तेव्हा सहांपैकी एकही चौकोन पुरा झालेला नव्हता. एकत्र बसल्यावर तेच चौकोन तीन बुधवारांत उरकले.

हे फक्त आमचंच नाही. बंगालच्या कांथेत जुन्या साडीच्या काठातले धागे काढून त्यांनीच भरतकाम करत. बिहारमधली सुजनी मूळची नव्या बाळासाठी जुन्या कपड्यांचीच. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. तीही काठापासून आत येते आणि तिच्या कोपर्‍यांवर कापडाच्या घडीची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी 1966 मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. शेजारच्याच जीज बेंड गावातल्या, शेतावरच्या झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्यांचं 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरलं, आणि 2006 मध्ये त्या तिथल्या टपाल तिकिटांवर आल्या.

टपाल तिकिटापर्यंत जाण्याआधी गोधडी जिथे होती, ती जागा मात्र विसरू नये. ती गरिबीचं पांघरूण होती. अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव झाडू मारणार्‍या गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत, ते कौतुकाने असेल, पण त्या चिंध्या खर्‍या होत्या. उन्हाळ्यात शेतीची कामं थंडावली की बायका गोधड्या घेऊन बसत, त्या हौसेने नव्हे. येत्या थंडीत पोरांना काहीतरी पांघरायला हवं म्हणून. आमची दुपार रिकामी आहे, म्हणून आमच्यासाठी तो आनंद आहे. पण त्या बायकाही आळीतल्या चौघींना हाक मारत, ती केवळ काम लवकर व्हावं म्हणून असेल, असं मला वाटत नाही.

आमच्यातल्या शिक्षिकाबाईंची स्मरणशक्ती दोन वर्षांपासून हळूहळू जाते आहे. वार कळत नाही, आमची नावं एकमेकींना लागतात. सून रिक्षाने आणून सोडते. अंगठा आणि तर्जनी यांत दोरा फिरवून एका हाताने गाठ मारण्याची त्यांची हातोटी अजून शाबूत आहे. ती आम्हा पाचजणींपैकी एकीलाही साधलेली नाही. पण टाके आता भरकटतात. कधी इंचभर लांब, कधी शेजारच्या ओळीत शिरलेले.

गेल्या हिवाळ्यात एकीच्या नातवासाठी गोधडी चालली होती. शिक्षिकाबाई घरी गेल्यावर कोणीतरी हळूच म्हणालं, “त्यांची बाजू उसवून पुन्हा घालू या का? त्यांना काही कळायचं नाही.” क्षणभर सगळ्या गप्प. बोलणारीचा हेतू वाईट नव्हता. गोधडी नीट व्हावी एवढंच तिचं म्हणणं. मग जिच्या नातवासाठी ती होती, ती म्हणाली, “त्यांना कळणार नाही, पण आपल्याला कळेल ना.”

बाजू तशीच राहिली. आता त्यांना आम्ही दोघींच्या मध्ये बसवतो. एक सुई ओवून देते, दुसरी ओळ कुठून सुरू करायची तिथे बोट ठेवते. पुढे त्यांना सुईही धरता येणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. आमच्यापैकी कोणाचा पुढचा नंबर, ते ठाऊक नाही. पण ज्या जागी आपला टाका वाकडा पडला तरी कोणी उसवत नाही, अशी एक जागा म्हातारपणी असावी. मुलाबाळांनी भरलेल्या घरातही ती असतेच असं नाही.

तुमच्याही माळ्यावर एखादं गाठोडं पडून असेल. ‘टाकवत नाही आणि नेसवत नाही’ अशा लुगड्यांचं. ते खाली काढा, उन्हात घाला. लुगडी आहेतच; शोधायच्या आहेत त्या चौघी.