आतड्यांसाठीही बायपास

बायपास म्हटले की आपल्यापुढे हृदयच उभे राहते. परंतु आतड्यांच्या रक्तवाहिन्याही तुंबतात, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. महाधमनीतून निघणाऱ्या ३ धमन्या पचनसंस्थेला रक्त पुरवतात. त्या परस्परांशी जोडलेल्या असल्याने एकीची उणीव दुसरी भरून काढते; म्हणून बहुधा २ धमन्या अरुंद झाल्यावरच त्रास जाणवू लागतो.

जेवणानंतर आतड्यांना अधिक रक्त लागते. ते न मिळाल्यास अर्ध्या-एक तासात पोटात कळा येतात. रुग्ण अन्नालाच भिऊ लागतो, घास कमी करतो आणि वाळत जातो. घरच्यांना कर्करोगाची शंका येते, नाहीतर ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात. सीटी अँजिओग्राफीत खरे कारण दिसते. धूम्रपान हे त्यामागील एक मोठे निमित्त.

आज पुष्कळदा स्टेंटवर काम भागते. अडथळा लांबलचक वा कठीण असेल, अथवा स्टेंट निकामी ठरला, तर बायपास करतात. महाधमनीपासून किंवा कटिभागातील धमनीपासून अडथळ्याच्या पलीकडे कृत्रिम नळी अथवा रुग्णाच्याच मांडीतील शीर जोडली जाते. आतडे कुजले असल्यास जंतुसंसर्गाच्या भीतीने शीरच पसंत करतात. शस्त्रक्रिया मोठी खरी, परंतु तिने मोकळा झालेला मार्ग सहसा स्टेंटपेक्षा अधिक काळ टिकतो.

मात्र अचानक असह्य पोटदुखी सुरू झाली, विशेषतः हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णाला, तर सकाळची वाट पाहू नये. रक्त तुटलेले आतडे काही तासांतच मृत होते.