संगणकाची दुखणी – लेखांक ७ : ग्राफिक्स कार्डावरचा आळ

मागील लेखांकात एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरविणाऱ्या पेटीच्या, प्रकृतीची विचारपूस झाली. या आठवड्यात, ज्याच्या नावाने सर्वांत अधिक फिर्यादी गुदरल्या जातात, त्या ग्राफिक्स कार्डाचा मामला हाती घेऊ. खेळ ऐन रंगात आला असता, अथवा चित्रफितीचे संपादन संपत आले असता, पडदा एकाएकी काळा होतो, कधी क्षणार्धात पूर्ववत उजळतो तर कधी निळा पडून यंत्र पुनश्च सुरू होते, आणि कार्ड गेले असा निवाडा मालक जागच्या जागी देऊन मोकळा होतो. हा निवाडा इतक्या वेळा फिरवावा लागतो की, नव्या कार्डासाठी लॅमिंग्टन रोडची वाट धरण्यापूर्वी थोडी शहानिशा करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पडदा काळा होणे ही पुष्कळदा खुद्द विंडोजनेच जाणूनबुजून केलेली कारवाई असते. २००७ साली विस्टा बाजारात आली तिच्याबरोबर अशी तजवीज झाली की, कार्डाकडे सोपवलेले काम दोन सेकंदांच्या मुदतीत पुरे झाले नाही, किंवा बाजूलाही ठेवता आले नाही, तर सारे यंत्र खोळंबून न ठेवता केवळ कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर यांचीच नव्याने उभारणी करावी. ही उभारणी साधली तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाच्या दप्तरात ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. न साधली तर निळा पडदा येतो व त्यावर बहुधा ११६ हा संकेतांक असतो. याउलट त्या दप्तरात ४१ क्रमांकाच्या ‘कर्नल-पॉवर’ नोंदीवाचून दुसरे काहीच आढळले नाही, म्हणजे यंत्राला जाण्यापूर्वी कैफियत लिहून ठेवण्याचीही सवड मिळाली नाही, तर संशयाचा रोख वीजपुरवठ्याकडे वळवावा. दोन सेकंदांची ती मुदतच वाढवून घ्यावी असा एक उपाय सर्रास सुचविला जातो. ज्यांना कार्डाकडून प्रदीर्घ गणिते करवून घ्यावयाची असतात त्यांचे ठीक आहे, परंतु इतरांनी त्या वाटेस जाऊ नये, कारण त्यायोगे दोष नाहीसा न होता केवळ त्याची वर्दी उशिरा मिळते.

विजेचा हिशेब असा आहे. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला अधिकात अधिक ७५ वॅट मिळतात आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५०. पण एकाच तारेला फुटलेल्या दोन तोंडांनी कार्डाच्या दोन्ही जागा भरल्या की सगळा भार त्या एका तारेवर येतो, म्हणून मोठ्या कार्डाला दोन स्वतंत्र तारा द्याव्यात. शिवाय अलीकडील कार्डे निमिषमात्र आपल्या नेहमीच्या मागणीहून पुष्कळच अधिक वीज ओढतात, आणि ही उसळी न सोसल्यामुळे सरासरीच्या हिशेबाने पुरेसा असलेला एसएमपीएसही हात वर करतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० या प्रमाणात, अत्यल्प काळापुरती दुप्पट मागणी सोसण्याची अट घालावी लागली ती याचसाठी.

उष्णतेचा उपद्रव निराळा ओळखू येतो. भार पडताच यंत्र कोसळले तर विजेचा संशय घ्यावा, पण दहापंधरा मिनिटे सुरळीत चालून मग कोसळले तर कॅबिनेट उघडून पंख्यांतील धूळ पाहावी. पंखा कार्डाला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही, हे उघड सत्य नागपूरच्या मे महिन्यात विशेष प्रत्ययास येते.

ड्रायव्हरविषयी फार लिहीत नाही. नवा तितका चांगला, ही समजूत मात्र सोडावी. मार्च २०१० मध्ये एन्व्हिडियाला आपला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर, त्याने पंख्यांचे नियंत्रण बिघडते असे दिसून आल्यावर, मागे घ्यावा लागला होता. सध्याचा ड्रायव्हर ‘सेफ मोड’मध्ये समूळ काढून त्याआधीचा एखादा बसवून पाहणे हा बिनखर्ची उपाय आहे, अट एवढीच की त्याच दिवशी दुसरे काही बदलू नये, नाहीतर गुण कशाचा आला ते कळत नाही. कार्ड खरोखरच सदोष असले तर ते बहुधा स्वतःच कबुली देते : विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या बायोसच्या पडद्यावरही रंगीत चौकडे वा रेघा उमटतात, आणि तेथे ड्रायव्हरचा संबंधच नसल्याने त्याच्यावर ठपका ठेवता येत नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेखांक मुख्यतः लिहिला त्याकडे वळतो. इंटेलचे तेराव्या पिढीचे प्रोसेसर २०२२ च्या आणि चौदाव्या पिढीचे २०२३ च्या ऑक्टोबरात आले. त्यांतील वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरांवर काही खेळ सुरू होतानाच बंद पडत आणि पडद्यावर सूचना येई की व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. ज्यांच्या कार्डावर २४ गिगाबाइट मेमरी होती त्यांनाही हीच सूचना मिळाली, आणि अनेकांनी निर्दोष कार्डे बदलून घेतली. वास्तविक खेळाची दाबून बांधलेली सामग्री सोडविण्याचे काम प्रोसेसर करीत होता, त्यात त्याच्याकडून चुका होत होत्या, आणि ती बिघडलेली सामग्री कार्डाच्या कामात येताच अपयशाची नोंद कार्डाच्या खाती पडत होती. २०२४ साली खुद्द एन्व्हिडियाने अशा तक्रारदारांना इंटेलकडे जाण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षीच्या जुलैत इंटेलने मान्य केले की, प्रोसेसरच्या अंतर्गत मायक्रोकोडकडून वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजची मागणी होत होती, आणि त्यापायी प्रोसेसर झिजत होते. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड आला आणि पेटीबंद विकलेल्या प्रोसेसरांची वॉरंटी तीनांची पाच वर्षे झाली. मात्र ही सुधारणा पुढील झीज रोखण्यापुरती आहे, झालेली झीज तिने भरून निघत नाही. तेव्हा यंत्रात त्या पिढ्यांचा प्रोसेसर असेल तर आधी बायोस अद्ययावत करावे, आणि तक्रार तरीही राहिली तर कार्डाची पावती बाजूला ठेवून प्रोसेसरची शोधावी.