बाळंतखोलीतली भुतं आणि सुईण

कोकणातल्या बायकांच्या भुतांमागे जुन्या बाळंतपणाची धास्ती दिसते. बाळंतपणात गेलेली अळवंतीण, सवाष्ण मेलेली जखीण, विधवेची लावसट! ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेनने १९१५मध्ये छापलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या नोंदींत त्या भेटतात. या नोंदींचं काम सुरू केलं होतं जॅक्सनने. होय, १९०९मध्ये अनंत कान्हेरेंनी गोळी घातलेला नाशिकचा तोच कलेक्टर.

या भुतांपुढे सुईण उभी असायची. नाळ, शेकशेगडी, धुरी, उशाखालचा कोयता, सगळं तिच्या हाती. पाचवीला पाटा-वरवंटा पुजून, कोरा कागद नि लेखणी मांडून घर जागायचं, कारण त्या रात्री सटवाई देवी बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते अशी समजूत. भुतांच्या गोष्टी भरपूर जमल्या. सुईणींच्याही तितक्याच जमवायला हव्यात. तुमच्या गावातली आठवत असेल तर जरूर सांगा.