मोटारसायकलचे स्लायडर : त्यांचें काम आणि त्यांची घडण

दोन चाकांचें वाहन हें मूळचेंच अस्थिर. धावत असेपर्यंत तें उभें राहतें. थांबलें कीं त्याला पायाचा किंवा स्टँडचा टेकू लागतो, आणि तो टेकू चुकला कीं तें आडवें होतें. सायकल आडवी झाली तर हँडल सरळ करून माणूस पुढें जातो. साध्या मोटारसायकलचीही सहसा फारशी हानि होत नाहीं. तिच्या इंजिनापुढें लोखंडी नळीचा लेग गार्ड बसवलेला असतो. तो जमिनीवर टेकतो, आणि मालक गाडी उचलून चालूं लागतो. शर्यतीच्या धर्तीवर बांधलेल्या स्पोर्ट मोटारसायकलची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्या दोन्ही अंगांना वारा कापण्याकरितां पातळ प्लॅस्टिकचें कवच असतें. त्याला फेअरिंग म्हणतात. तिचें हँडल आखूड व खालीं असतें, आणि लेग गार्डला तिच्या अंगावर जागाच नसते. अशी गाडी नुसती उभ्या जागेवरून कलंडली तरी फेअरिंग तडकते, क्लचचा दांडा मोडतो, आणि दैव वाईट असलें तर इंजिनाचें झांकण फुटून तेल गळूं लागतें.

अशा गाड्या एके काळीं शर्यतीच्या मैदानाबाहेर क्वचितच दिसत. १९८५ सालीं सुझुकी कंपनीची जी. एस. एक्स.-आर. ७५० ही गाडी बाजारांत आली, आणि शर्यतीच्या गाडीचें रूप सामान्य रस्त्यावर रूढ झालें. आपल्या देशांत २००८ मध्यें यामाहाची आर १५ आली. २०१४ मध्यें पुणें जिल्ह्यांतील चाकण येथें तयार झालेली के. टी. एम.ची आर. सी. ३९० आली. आज शहरांतील पुष्कळ घरांच्या अंगणांत अशी एखादी गाडी उभी असते. बहुधा ती घरांतील मुलाची असते, आणि तिचे हप्ते अजून फिटावयाचे असतात. म्हणून ती पडली तर काय मोडावें व काय वांचावें, हा विचार केवळ शर्यतपटूंचा राहिलेला नाहीं.

हा विचार ज्या लहानशा वस्तूंत सांठवलेला आहे, ती वस्तु म्हणजे स्लायडर. इंग्रज कारागीर तिला कधीं बॉबिन म्हणजे रीळ म्हणतात, तर कधीं मशरूम म्हणजे अळंबें म्हणतात. तिचा आकार पाहिला तर दोन्ही नांवें शोभतात. मुठीएवढा प्लॅस्टिकचा एक गोळा, त्याच्या मध्यावर आरपार भोंक, आणि त्या भोकांतून गेलेला एक लांब बोल्ट, एवढीच त्याची रचना. इंजिन ज्या बोल्टानें सांगाड्याला जखडलेलें असतें, बहुधा तोच बोल्ट काढून त्याच्या जागीं हा लांब बोल्ट बसवतात. गोळा फेअरिंगच्या बाहेर थोडा डोकावतो. गाडी पडली कीं फेअरिंगच्या आधीं तो जमिनीला लागतो. हँडलचें टोक, स्लायडर आणि मागचा पायठेवा अशा तीन ठिकाणीं भार विभागला जातो, आणि गाडी तिपाईसारखी त्यांवर विसावते. पुढच्या व मागच्या चाकाच्या पोकळ आंसांतून सळई घालूनही असेच लहान गोळे बसवतां येतात.

आतां या गोळ्याचें काम नेमकें कोणतें? त्यानें गाडीला अचल धरून ठेवावयाचें नाहीं. तिला जमिनीवरून सरकूं द्यावयाचें, आणि सरकतांना स्वतः झिजावयाचें. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी वळणावर घसरून आडवी झाली, तर घर्षणांक ०.४ धरल्यास ती थांबेपर्यंत सुमारें ९८ मीटर सरकत जाते. एवढें अंतर डांबराच्या खडबडीत पाठीवर कशानें तरी घांसलें जाणारच. तें इंजिनाचें झांकण नसावें, गोळा असावा, एवढाच हा सौदा आहे. शर्यतीच्या मैदानावर या सौद्याला आणखी एक बाजू आहे. फुटलेल्या इंजिनांतून सांडलेलें तेल दिसत नाहीं. मागून येणारा स्वार त्याच वळणावर येतो आणि घसरतो. म्हणूनच सुपरबाइक शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांनीं, जमिनीला लागूं शकतील अशा तेलयुक्त झांकणांवर दुसरें संरक्षक झांकण सक्तीचें केलें आहे. स्वतःच्या यंत्राचें रक्षण हें तेथें दुसऱ्याच्या जिवाचेंही रक्षण असतें.

झिजणें हेंच ज्याचें काम, त्याचा पदार्थ विचारपूर्वक निवडला पाहिजे. बाजारांत ॲल्युमिनियमचे रंगीत, चकचकीत गोळे मिळतात. ते दिसावयास सुंदर असतात, परंतु धातूचा गोळा रस्त्यांतील खांचेला अडकतो आणि बसलेला धक्का जसाच्या तसा सांगाड्याकडे पोंचवतो. सर्वांत सोईचा पदार्थ म्हणजे ॲसिटल नांवाचें प्लॅस्टिक. ड्यू पाँ या अमेरिकन कंपनीनें १९६० सालीं तें डेल्रिन या नांवानें बाजारांत आणलें. तें पाण्याच्या सुमारें १.४ पट जड असतें. तें कठीण व गुळगुळीत असून सुमारें १७५ अंश सेल्सिअसला वितळतें. नायलॉनही चिवट आहे, पण तें हवेंतील ओलावा शोषून फुगतें, आणि पावसाळ्यांत त्याचें माप बदलतें. अतिघन पॉलिथिलीन सर्वांत छान घसरतें, परंतु तें मऊ असून सुमारें १३५ अंशांनाच वितळतें.

पदार्थाइतकेंच महत्त्व लांबीला आहे, आणि येथें शाळेंत शिकलेला तरफेचा नियम उपयोगी पडतो. गाडी आडवी पडली असतां तिचें वजन गोळ्याच्या आंसाच्या दिशेनें पडतें. तें सोसणें बोल्टाला कठीण नसतें. परंतु ती सरकूं लागली कीं रस्त्याचें घर्षण गोळ्याच्या टोंकाला आडवें खेंचतें, आणि बोल्ट वांकूं पाहतो. १८० किलोग्रॅम वजनाच्या गाडीचा निम्मा भार गोळ्यावर आला आणि घर्षणांक ०.४ धरला, तर हें खेंचणें ३६ किलोग्रॅमइतकें होतें. टोंक सांगाड्यापासून ६ सेंटिमीटरांवर असेल तर वांकवणारा परिणाम ३६ गुणिलें ६, म्हणजे २१६. तेंच १० सेंटिमीटरांवर असेल तर ३६०. गोळा दगडाला किंवा दुभाजकाच्या कडेला अडकला तर हाच आंकडा कित्येक पट होतो. म्हणून स्लायडर जितका आखूड ठेवतां येईल तितका चांगला. फेअरिंगच्या सर्वांत फुगीर भागाच्या बाहेर तो अडीच ते तीन सेंटिमीटर आला कीं पुरे. याची परीक्षा सोपी आहे. एक सरळ लांकडी पट्टी हँडलच्या टोंकापासून मागच्या पायठेव्यापर्यंत धरावी. पट्टीला गोळा लागला पाहिजे आणि फेअरिंग लागतां कामा नये.

गोळा लेथवर कातावयाचा असतो. त्यासाठीं ५० ते ६० मिलिमीटर व्यासाचा ॲसिटलचा दांडा घ्यावा. हत्यार धारदार असावें. बोथट हत्यारानें प्लॅस्टिक तापतें, आणि ॲसिटल जळलें तर त्यांतून फॉर्मल्डिहाइडचा नाकाडोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. म्हणून काम मोकळ्या हवेंत, सावकाश करावें. बाहेरच्या टोंकाला घुमटासारखा गोल आकार द्यावा, कारण टोकदार कड रस्त्यांत रुतते. मग बोल्टापुरतें आरपार भोंक पाडावें, आणि बाहेरच्या बाजूनें बोल्टाचें डोकें खोल बुडेल असा रुंद खळगा करावा. हा खळगा उथळ ठेवणें ही घरगुती कामांतली नेहमींची चूक आहे. थोडें प्लॅस्टिक झिजलें कीं बोल्टाचें पोलादी डोकें रस्त्याला लागतें, ठिणग्या उडतात, आणि पेट्रोल सांडलेलें असेल तर त्या ठिणग्यांचें भय अधिक.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. प्लॅस्टिक सततच्या दाबाखालीं हळूहळू दबत जातें. बोल्ट नुसत्या प्लॅस्टिकवर आवळला तर कांहीं आठवड्यांनीं तो आपोआप सैल होतो. आणि तो तर इंजिन धरणारा बोल्ट. म्हणून भोकांत पोलादाची एक नळी घालावी. तिचें आंतलें टोंक सांगाड्यावर टेकावें आणि बाहेरच्या टोंकावर, म्हणजे खळग्याच्या तळाशीं, बोल्टाच्या डोक्याखालचा जाड वॉशर बसावा. बोल्टाचा सारा आवळ या नळीनें घ्यावा. वॉशरच्या कडेनें गोळ्याला नुसतें जागेवर धरून ठेवावें.

बोल्टाची निवड करतांना त्याच्या डोक्यावरील खूण वाचावी. ८.८ अशी खूण असेल तर पहिला आंकडा सांगतो कीं प्रत्येक चौरस मिलिमीटरामागें तो ८०० न्यूटन ताणावर तुटतो. दुसरा सांगतो कीं त्याच्या दशांश ८, म्हणजे ६४० न्यूटनांवर तो कायमचा वाढूं लागतो. १०.९ ची खूण असेल तर हेच आंकडे १००० व ९०० होतात. मूळ बोल्टाहून हलक्या दर्जाचा बोल्ट कधींही घालूं नये. परंतु सर्वांत कठीण तोच सर्वांत चांगला, असेंही नाहीं. १२.९ चा बोल्ट अधिक कठीण असतो, तसाच अधिक ठिसूळही असतो. वांकलेला बोल्ट धोक्याची सूचना देतो. तुटलेला बोल्ट सूचना देत नाहीं. गोल दांड्याची वांक सोसण्याची शक्ति व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते, त्यामुळें १० मिलिमीटरांऐवजीं १२ मिलिमीटरांचा बोल्ट सुमारें पावणेदोन पट बळकट ठरतो. तरीही त्या मोहानें सांगाड्याचें भोंक मोठें करूं नये. त्यानें सांगाडाच दुबळा होतो.

बसवण्याचें काम घाईचें नव्हे. प्रथम इंजिनाखालीं लांकडी ठोकळा ठेवून जॅकनें हलका आधार द्यावा. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकाच वेळीं काढूं नयेत. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावावा. नवा बोल्ट मूळ बोल्टाहून नेमका किती लांब असावा? मूळ डोक्याच्या खालीं जेवढी नळी व वॉशर वाढले असतील तेवढाच. अधिक लांब असेल तर तो आंत कोठें तरी टेकतो आणि आवळल्याचा नुसता भास होतो. आखूड असेल तर तो चारदोन आट्यांवर लटकतो, आणि ॲल्युमिनियमचे मऊ आटे उपटून निघतात. ॲल्युमिनियममध्यें बोल्टाच्या व्यासाच्या निदान दीडपट, म्हणजे १० मिलिमीटरांच्या बोल्टाचे १५ मिलिमीटर, इतके आटे गुंतलेले असावेत. आट्यांवर सैल न होऊं देणाऱ्या औषधाचा एक थेंब लावावा. बोल्ट मनगटाच्या अंदाजानें न आवळतां, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क रेंच वापरून आवळावा. शंभर-दोनशें किलोमीटर गाडी चालल्यावर तो पुन्हां तपासावा.

कांहीं गाड्यांना फेअरिंगमध्यें भोंक पाडावें लागतें, आणि तेथें भल्याभल्यांचा हात थरथरतो. भोंक कोठें येईल हें डोळ्यानें ठरवूं नये. त्या जागेच्या आट्यांचा एक बिनडोक्याचा बोल्ट टोंक काढून तात्पुरता बसवावा, टोंकाला तेलांत कालवलेलें कुंकू लावावें, आणि फेअरिंग तिच्या जागीं हळूच टेकवावी. आंतल्या बाजूला ठिपका उमटतो. तेथें प्रथम बारीक भोंक पाडावें, मग सावकाश मोठें करावें. गोळ्याभोंवतीं सुमारें ५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, नाहीं तर इंजिनाच्या कंपानें प्लॅस्टिक गोळ्याला घांसून तडकतें.

गाडी एकदां पडली कीं, ती चालत असली तरी, स्लायडर काढून पाहिलाच पाहिजे. बोल्ट कांचेवर लोळवावा. तो डुगडुगला तर वांकला आहे. वांकलेला बोल्ट ठोकून सरळ करणें म्हणजे पुढच्या प्रवासांत तो तुटण्याची तयारी करणें होय. ज्या जागीं बोल्ट बसतो तेथें सांगाड्याच्या रंगाला बारीक चीर दिसते काय, हें भिंगानें पाहावें. चीर दिसली तर सांगाड्याची परीक्षा जाणत्या माणसाकडून करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणूं नये. तडकलेल्या फेअरिंगची किंमत पैशांत मोजतां येते. तडकलेल्या सांगाड्याची तशी मोजतां येत नाहीं.

याच ठिकाणीं या वस्तूविषयींचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना वाटतें, संरक्षक जितका बळकट तितकें संरक्षण मोठें. खरी गोष्ट उलट आहे. विजेच्या घरगुती जोडणींत फ्यूजची तार मुद्दामच सर्वांत दुबळी ठेवतात, कारण संकट आलें तर ती जळावी आणि घर वांचावें. स्लायडरही तसाच. गोळा सांगाड्यापेक्षां बळकट केला, तर पडण्याचा आघात सांगाड्यानें सोसावा लागतो, आणि थोडक्यासाठीं सर्वस्व गमावलें जातें. म्हणून गोळा आधीं झिजला पाहिजे, मग बोल्ट वांकला पाहिजे, आणि इंजिन व सांगाडा शेवटपर्यंत शाबूत राहिला पाहिजे.

स्लायडरची मर्यादाही घरांतील वडील माणसांनीं ओळखून ठेवावी. हा गोळा गाडीसाठीं आहे, स्वारासाठीं नाहीं. गाडी डांबर सोडून मातींत किंवा गवतांत गेली तर तो रुतून गाडीला कोलांटी देऊंही शकतो. स्वाराच्या गुडघ्याला व कोंपराला तो कांहींच आधार देत नाहीं. त्यांना जाड कातड्याचा पोशाख हवा, आणि डोक्याला हेल्मेट हवें. मुलानें नवी गाडी आणली आणि स्लायडरसाठीं पैसे मागितले, तर ते अवश्य द्यावेत. परंतु हेल्मेट, हातमोजे आणि बूट त्याआधीं घेतले आहेत काय, हें पहिल्यानें विचारावें. मोडलेलें यंत्र कारागीर जोडून देतो. त्यावर बसलेल्या माणसाची काळजी ही कोणत्याही गोळ्यावर सोंपवून चालावयाची नाहीं.