रिकाम्या तोफेचा मान

वाचकहो, तोफांच्या सलामीचे मूळ दिमाखात नसून विश्वासात आहे. परक्या बंदरात शिरणारे गलबत पूर्वी आपल्या तोफा आधीच उडवून टाकी. त्या पुन्हा ठासण्यास वेळ लागे. सबब 'आम्ही वैरी नव्हे' असे सांगण्याची ती रीतच होती. पुढे इंग्रजांनी तिचे मानाचे माप केले. माळव्यातील पवारांच्या धार संस्थानास १५ तोफा मिळाल्या. देवासची कथा मोठी गमतीची! तुकोजी व जिवाजी या बंधूंपासून थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या. शहर एकच, अंमल दोघांचा, आणि सलामी दोघांसही १५ तोफांचीच. भाऊबंदकीत एक तोफ कमीअधिक झाली असती, तर काय प्रसंग ओढवता, याची आम्हांस कल्पनाच करवत नाही. १९४८ साली ही तिन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. १९७१ साली संस्थानिकांची मान्यताही संपली. आता २१ तोफा राष्ट्रपतींसाठी झडतात.