पिस्तुलाचा चाप आणि होल्स्टरची शिस्त

अमेरिकी फुटबॉलमधील नामवंत खेळाडू प्लॅक्सिको बरेस नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये गेला, तेव्हा त्याच्यापाशी गोळ्या भरलेले ग्लॉक पिस्तूल होते. होल्स्टर मात्र नव्हते. सैल पँटच्या कमरेत नुसते खोचलेले ते पिस्तूल घसरले. ते सावरण्याच्या प्रयत्नात गोळी सुटली आणि त्याच्याच मांडीत घुसली. न्यूयॉर्कचा परवाना नसल्याने बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल २००९ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. अशा घटनेनंतर पिस्तुलाचा चाप फार हलका होता काय, हा प्रश्न हमखास विचारला जातो. वस्तुतः तो अपुरा प्रश्न आहे.

चाप म्हणजे ट्रिगर. गोळी सुटेपर्यंत तो मागे खेचण्यासाठी जेवढा जोर लावावा लागतो, त्याला चापाचा भार म्हणतात. तो पौंडांत मोजला जातो. जुन्या धाटणीच्या डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढतानाच हॅमर मागे जातो. त्यामुळे हा भार साधारणतः १० ते १२ पौंड असतो आणि चापाचा प्रवासही लांब असतो. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियातून आलेल्या ग्लॉक पिस्तुलाचा नेहमीचा भार सुमारे साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो आहे. त्याला अंगठ्याने लावावयाचा वेगळा खटका नसतो. त्याच्या तिन्ही सुरक्षा व्यवस्था चाप दाबताच क्रमाने मोकळ्या होतात. साहजिकच, हातातून पडलेल्या पिस्तुलातून गोळी सुटू नये, याची काळजी त्या घेतात. परंतु चाप दाबणारे बोट आहे की शर्टाचे टोक, हे त्यांना ओळखता येत नाही.

मग चाप जड केला तर? न्यूयॉर्क पोलिसांनी हा प्रयोग अनेक वर्षे केला. त्यांच्या पिस्तुलांचा चाप १२ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेपाच किलोंचा होता. गोळ्या भरलेले पिस्तूल मात्र जेमतेम किलोभर वजनाचे. इतका जोर लावताना नळी हलते आणि नेम ढळतो. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीपाशी एका हल्लेखोरावर पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा त्यांच्या गोळ्यांनी आणि उडालेल्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले. त्यानंतर जड चापावर बरीच टीका झाली. शिवाय दचकल्यावर, तोल गेल्यावर अथवा दुसऱ्या हाताने काही घट्ट धरल्यावर बोटे नकळत आवळली जातात. त्या झटक्यापुढे जड चापही पुरेसा पडेलच, असे नाही.

म्हणूनच खरे संरक्षण होल्स्टर करते. चांगले होल्स्टर चापाभोवतीची कडी पूर्णपणे झाकते, बाहेरून दाब पडला तरी चाप दबू देत नाही आणि पिस्तूल घट्ट धरून ठेवते. ते कठीण प्लॅस्टिकचे किंवा जाड, ताठ चामड्याचे असावे. झिजून मऊ पडलेल्या चामड्याची घडी आत वळून चापावर दाब देऊ शकते. केवळ कापडी खिशात किंवा कमरेत खोचलेल्या पिस्तुलाला हे कोणतेच संरक्षण मिळत नाही.

पिस्तूल बाहेर काढण्याइतकाच ते परत ठेवण्याचा क्षणही धोक्याचा असतो. त्या वेळी घाई करण्याचे कारण नसते. बोट चापापासून दूर, पिस्तुलाच्या अंगावर सरळ ठेवावे. शर्टाचे टोक, जॅकेटची नाडी दुसऱ्या हाताने बाजूला करावी. होल्स्टरच्या तोंडाकडे पाहावे, नळी शरीराकडे वळू देऊ नये आणि पिस्तूल सावकाश आत सरकवावे. कोठे अडल्यासारखे वाटले, तर जोर न लावता ते बाहेर काढून अडथळा शोधावा. शक्य असेल तेव्हा होल्स्टरच कमरेवरून सोडवून, त्यात पिस्तूल बसवून मग ते बांधावे, हे अधिक सुरक्षित.

भारतातही शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तो याच कारणाने. चाप किती पौंडांचा असावा, यावर जाणकारांत मतभेद राहतील. मात्र तो उघडा राहता कामा नये, याविषयी दुमत नाही.