गाडी तापते, पण नेमकी कधी?

एप्रिल-मे महिन्यांत कसारा किंवा खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात आणि त्यांच्या मालकांना मिळणारे सल्लेही ठरलेले असतात. कुणी पाणी ओतायला सांगतं, कुणी थर्मोस्टॅट काढून टाकायला, तर कुणी थेट नवा रेडिएटर बसवायला. यातला एखादा सल्ला बरोबरही निघेल, पण तो देण्याआधी विचारायचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: गाडी नेमकी कधी तापली? सिग्नलला उभी असताना, चढावर, हायवेवर, की सुरू केल्यावर पाचच मिनिटांत? माझं म्हणणं असं, की बहुतेक निदान या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेलं असतं आणि ते उत्तर मेकॅनिककडे नसतं, गाडी चालवणाऱ्याकडे असतं. गॅरेजात पोहोचेपर्यंत इंजिन निवलेलं असतं, पुरावा निघून गेलेला असतो आणि मग अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलले जातात.

वेळेला इतकं महत्त्व का, हे कळायला उष्णतेचा हिशोब मांडावा लागतो. पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी चालवायला कामी येतो, तेवढाच सायलेन्सरमधून धुरावाटे निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच सिलिंडरच्या भिंतींतून कूलंटमध्ये उतरतो. सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं, आणि ज्या ॲल्युमिनियमचं हेड त्या ज्वाळेला झाकून बसलेलं असतं, ते शुद्ध स्वरूपात ६६० अंशांना वितळतं. आता घाटाचं गणित पाहा. १३०० किलोची गाडी १०० मीटर उंच चढवायला सुमारे १३ लाख ज्यूल काम करावं लागतं. साधारण तेवढीच उष्णता कूलंटमध्ये आली, तर पाच लिटर पाण्याचं तापमान साठ अंशांनी वाढेल. थोडी उष्णता इंजिनाचा धातू शोषून घेतो हे धरलं, तरी रेडिएटर बंद पडल्यास ९० अंशांवर चाललेली गाडी घाट निम्मा चढायच्या आतच उकळायला लागेल. ही उष्णता बाहेर टाकायला दोन प्रवाह लागतात: रेडिएटरच्या नळ्यांतून फिरणारा कूलंट आणि जाळीतून जाणारी हवा. कोणत्या परिस्थितीत कोणता प्रवाह अपुरा पडला, हे काटा चढण्याच्या वेळेवरून कळतं.

ट्रॅफिकमध्ये उभं असताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, तेव्हा संशय फॅनवर घ्यावा. गाडी पळत असताना समोरून येणारा वारा फॅनचं काम करत असतो. ती थांबली की सगळी भिस्त फॅनवर येते. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तपासणी घरच्या घरी होते: इंजिन सुरू करून एसी लावला की बहुतेक गाड्यांत फॅन फिरायला हवा. तो फिरला नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरचा कनेक्टर पाहावा. फ्यूज काही रुपयांचा असतो. तो न बघता रेडिएटर बदलणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. उलट शहरात सगळं ठीक आणि घाटात किंवा हायवेवर ताण आला की काटा वर, असं असेल तर फॅन बहुधा निर्दोष आहे. तिथे कमी पडते ती रेडिएटरची क्षमता किंवा कूलंटचा प्रवाह. नळ्या आतून क्षाराने भरलेल्या असतात, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात, नाहीतर खालचा होज पाइप मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटा होत असतो. कित्येकदा दोष बाहेरच असतो: एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे आणि पालापाचोळा यांचा थर बसतो आणि समोरून तो दिसतही नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, पाण्याचा जोर कमी ठेवून जाळी धुतली तर तो निघतो. जोराच्या फवाऱ्याने जाळीची नाजूक पाती वाकतात आणि हवेचा रस्ता आणखी बंद होतो. गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा लाल रेषेकडे धावला, तर कूलंट कमी असणं, आत हवा अडकणं किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणं यांपैकी काहीतरी असतं.

थर्मोस्टॅटबद्दलचा आक्षेप इथे हमखास येतो: हा पार्ट थंड देशांसाठी आहे, आपल्याकडे तो काढलेलाच बरा. या समजुतीने फार नुकसान केलं आहे. थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान ते वितळून फुगतं आणि रेडिएटरकडे जाणारी वाट उघडतं. ती उघडेपर्यंत कूलंट इंजिनातच फिरतो, त्यामुळे इंजिन लवकर गरम होतं. थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन बराच वेळ थंड राहतं, कंट्रोल युनिट जास्त पेट्रोल सोडत राहतं आणि ते काही प्रमाणात ऑइलमध्ये मिसळतं. थर्मोस्टॅट नसला की कूलंट इतका वेगाने जातो की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, असा युक्तिवाद त्याच्या बाजूने केला जातो, पण तोही चुकीचा आहे. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच बाहेर पडते. खरं कारण वेगळं आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते, कूलंटचा मोठा भाग रेडिएटरपर्यंत जातच नाही आणि गाडी चढावर पूर्वीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅटची परीक्षा तर स्वयंपाकघरात घेता येते: जुन्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि त्याच्यावर छापलेल्या अंशांना तो उघडतो का ते पाहायचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. साधं पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटपेक्षा सरस आहे आणि जुन्या गाड्या पाण्यावरच चालत, मग महागडं कूलंट कशाला? पहिलं विधान खरं आहे. तेवढ्याच उष्णतेने कूलंटमधलं ग्लायकॉलचं मिश्रण पाण्यापेक्षा जास्त तापतं. जुन्या गाड्या पाण्यावर चालत हेही खरं, पण कशा? १८८८ साली जर्मनीत बेर्टा बेंझ आपल्या पतीने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या तेव्हा त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं, कारण ते इंजिन पाण्याची वाफ करूनच थंड राहत होतं. आजची व्यवस्था बंद आणि दाबाखाली चालते. प्रेशर कुकरप्रमाणे रेडिएटरचं झाकण आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक बार जास्त ठेवतं, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि ग्लायकॉलमुळे ही मर्यादा आणखी काही अंश वर जाते. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं, हे लक्षात घेतलं की झाकणाचं कडक झालेलं रबर किती महागात पडेल ते कळतं. शिवाय प्रश्न गंजाचा आणि क्षाराचा आहे. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट सगळ्यात गरम जागी, म्हणजे नेमका हेडच्या आतल्या भिंतीवर साचतो. त्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते, त्यामुळे पातळ थरही उष्णतेची वाट अडवतो. वाटेत अडचण आली तर पाणी जरूर घालावं, पण घरी आल्यावर ते काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यासह भरावं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. काढलेलं कूलंट मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या वाटेत उघडं ठेवू नये.

आता गाडीच स्वतःचं तापमान मोजते, मग मालकाने कशाला निरीक्षण करायचं, असंही विचारलं जातं. पण अनेक गाड्यांतला काटा मुद्दामच मधल्या मोठ्या टप्प्यात स्थिर ठेवलेला असतो आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, नुसता दिवा असतो. दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडी सॉकेटला जोडायचं स्वस्त उपकरण मोबाइलवर खरे अंश दाखवतं. ते मला फार उपयोगाचं वाटतं, पण कूलंट इतका कमी झाला की सेन्सर उघडा पडला, तर तोही फसवा आकडा देतो. म्हणून दर आठवड्याला थंड इंजिनावर टाकीतली पातळी पाहणं सुटत नाही.

थंड इंजिनावर, हे शब्द महत्त्वाचे आहेत. १२० अंशांवरच्या एक लिटर पाण्यावरचा दाब अचानक काढला, तर त्यातलं सुमारे ३७ ग्रॅम पाणी लगेच वाफ होतं आणि ती वाफ साठेक लिटर जागा मागते. गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याचा चेहरा आणि हात भाजतात ते यामुळे. काटा चढू लागला की एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा, कारण तोही एक छोटा रेडिएटरच आहे, आणि सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावं. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन आपोआप फिरू लागतो, म्हणून हात लांब ठेवावा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं तर टाळावंच: ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट प्रसरण पावतं, ४० सेंटिमीटरच्या हेडमध्ये आणि खालच्या लोखंडी ब्लॉकमध्ये शंभर अंशांना जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, आणि धातू एकाच बाजूने अचानक आकसला की हेड वाकतं, कधी तडकतं.

कूलंट घटतो पण कुठे गळताना दिसत नाही, टाकीत सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो किंवा ऑइल दुधाळ होतं, तेव्हा संशय हेड गॅस्केटवर जातो. तो पडताळायची सोपी रासायनिक चाचणी आहे: रेडिएटरच्या तोंडातून खेचलेली हवा एका निळ्या द्रावणातून सोडायची. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात असेल तर द्रावण पिवळं पडतं. पिवळं पडलं तर गाडी चालवत गॅरेजात नेऊ नये, टो करून न्यावी, आणि नुसतं गॅस्केट बदलून घेण्याआधी हेडचा सपाटपणा मोजून घ्यावा. वाकलेल्या हेडखाली नवं गॅस्केट टिकत नाही.